दुपारचं वशिंड

“शेगडी तुम्हीच लावलीत, बाबा! फोन काय खोटं बोलतोय?”

सूनबाईनं फोन आबांच्या नाकासमोर इतका जवळ धरला की त्यांना मान मागे घ्यावी लागली. आणि मागे भिंत होती.

“फोन खरा असेल गं बाई. पण मीही खराच आहे. शेगडीला मी बोटसुद्धा लावलेलं नाही.”

“मग काय भुतानं लावली?”

“लागली असेल त्यालाही भूक.”

हा विनोद भलत्या वेळी झाला. सूनबाईचा चेहरा तापलेल्या तव्यासारखा झाला. ती बसमध्ये तिकिटं तपासायची. ‘काढलं होतं हो तिकीट, आत्ता तर हातात होतं’ हे दिवसभर ऐकून ऐकून माणसाच्या जिभेवरचा तिचा विश्वास कधीच उडाला होता. कागदावर असेल ते खरं. आता कागदाच्या जागी फोन आला होता, एवढाच काय तो फरक.

शेगडी विजेवरची, आणि फोनवर घरात किती वीज लागते त्याची एक रेघ होती. सकाळपासून जमिनीला चिकटून सरपटत यायची आणि दुपारी चारच्या सुमारास एकदम उठून बसायची, बैलाच्या पाठीवर वशिंड असतं ना, तशी. तासाभरात पुन्हा आडवी. सोमवार ते शनिवार रोज हेच. रविवारी मात्र वशिंड गायब. आणि रविवार हाच एक दिवस असा, की मुलगा आणि सून दोघं घरी असायचे.

आता यातून कुणी काय समजायचं? घरात माणूस नसलं की म्हातारा काहीतरी पेटवतो, आणि माणसं असली की गप बसतो. कोर्टात नेलं असतं तरी आबांना शिक्षाच झाली असती.

“मी ओरडत नाहीये,” सूनबाई ओरडूनच म्हणाली. “लावलीत तर लावलीत. दूध तापवा, पाव भाजा, काय हवं ते करा. पण तुम्हाला ते आठवतच नाही, याची मला भीती वाटते.”

तीच भीती आबांच्याही मनात होती.

आबांनी आणि त्यांच्या थोरल्या भावानं जन्मभर एकत्र सलून चालवलं. शेवटी शेवटी तो भाऊ आरशातल्या स्वतःलाच ‘या, बसा साहेब, दोन मिनिटं थांबा’ म्हणायचा. गिऱ्हाईकं हसायची. आबा हसायचे नाहीत. आपल्यालाही एक दिवस असं झालं तर आपल्याला ते कळेल का, हा प्रश्न तेव्हापासून त्यांच्या डोक्यात घर करून बसला होता.

मुलगा इतका वेळ दारात उभा राहून बोटांची नखं बघत होता. थंडगोदामात काम करून करून त्याचा स्वभावही थंड झालाय, असं सूनबाई म्हणायची. तो हळूच म्हणाला, “बाबा, रविवारी ताईकडे जाऊ या. तिच्या घरी सतत कुणी ना कुणी असतं. काही दिवस राहा तिथं.”

“काही म्हणजे किती?”

“बघू.”

‘बघू’ म्हणजे काय हे आबांना चांगलं ठाऊक होतं. दाढी करून उठताना जे गिऱ्हाईक ‘बघू पुढच्या वेळी’ म्हणायचं, ते पुन्हा त्या रस्त्यानं फिरकायचंसुद्धा नाही.

हे सगळं नव्या मीटरपासून सुरू झालं होतं. जुन्या मीटरमध्ये एक चकती गरगर फिरायची. महिन्याला एक माणूस यायचा, डोळे बारीक करून आकडे टिपायचा आणि जायचा. तो तुमच्या घरात डोकावत नव्हता. नवा मीटर म्हणजे चोवीस तास बसवलेली सासू. दर मिनिटाला कंपनीला कळवणार, यांनी एवढी खाल्ली, यांनी तेवढी खाल्ली. आणि विजेचा भावही भाजीसारखा झाला. संध्याकाळी अख्खं शहर घरी येतं, सगळे एकदम बटणं दाबतात, तेव्हा महाग. दुपारी आणि पहाटे स्वस्त. शिवाय फोनमध्ये गीझरसाठी एक बटण होतं, ‘विश्रांती’ नावाचं. गर्दीच्या वेळी ते दाबलं की मीटर गीझरला झोपवणार आणि कंपनी तुमच्यावर खूश होणार.

सूनबाईला हे असं आवडलं, जणू ती याच्यासाठीच जन्मली होती. तिनं घरात लष्करी कायदाच लावला. संध्याकाळी शेगडी बंद, गीझरला विश्रांती. स्वयंपाक पहाटेच उरकायचा, रात्रीचं जेवण गार, तेही एका दिव्याखाली.

“आपण जेवतोय की पोलिसांपासून लपलोय?” मुलगा एकदा म्हणाला होता.

पण फोनवर संध्याकाळची रेघ सपाट दिसायची आणि सूनबाईची कॉलर ताठ व्हायची. एकच सल होता. यांचं घर तिसऱ्या मजल्यावर, आणि खाली दुसऱ्यावर हिशेबनीस आणि त्यांची बायको राहायचे. त्यांना कंपनीकडून दर महिन्याला ‘आदर्श ग्राहक’ म्हणून फोनवर हिरवं पान यायचं.

“दाराएवढा टीव्ही आहे त्यांच्याकडे! माशांची पेटी आहे! माशांना चोवीस तास दिवा लागतो! आणि पान त्यांना?” सूनबाई चरफडायची. “आपण इथं अंधारात भात चिवडतोय!”

त्यात गीझरचं प्रकरण. सकाळी दोघं कामावर गेले की आबा निवांत आंघोळीला जायचे, आणि नेमका अंगभर साबण लागला की पाणी गार. एकदा नाही, रोज. कुडकुडत बाहेर येऊन बघावं तर गीझरचा दिवा मेलेला. संध्याकाळी सूनबाई फोन तपासून सांगायची, “सकाळी कुणीच विश्रांती दिली नव्हती. तुम्हीच बटण बंद केलं असेल, बाबा.” म्हणजे शेगडी लावल्याचं आठवत नाही आणि गीझर बंद केल्याचंही आठवत नाही. दोन गुन्हे, आरोपी एकच.

त्या भांडणानंतर आबांना राग यायला हवा होता. आलाही. पण रागापेक्षा जास्त त्यांना स्वतःचंच कुतूहल वाटायला लागलं. समजा आपण खरंच दुपारी उठून शेगडी लावत असू, तर काय शिजवत असू? कुठल्या भांड्यात? खातो की टाकून देतो? आपल्या आतला हा दुसरा म्हातारा आहे तरी कसा? त्याला एकदा रंगेहाथ पकडायचं, असं त्यांनी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी मुलगा-सून गेल्यावर आबांनी कपाटातून सलूनच्या कागदी पट्ट्यांचा गठ्ठा काढला. केस कापायच्या आधी गिऱ्हाईकाच्या मानेभोवती गुंडाळतात त्या. एक पट्टी शेगडीच्या बटणांवरून आडवी चिकटवली, म्हणजे बटण फिरवायचं तर ती फाटलीच पाहिजे. मग समोर खुर्ची टाकून बसले. आपल्याच शेगडीकडे टक लावून बसणं किती कंटाळवाणं असतं ते करून बघा एकदा. चार वाजले. काही नाही. साडेचार. वर कुणीतरी खुर्ची सरकवली, नळ सोडला, बस्स. पाच वाजले तरी पट्टी जशीच्या तशी.

सूनबाई आल्या आल्या आबांनी तिला हाताला धरून शेगडीपाशी नेलं. “बघ! फाटलीय कुठं?”

तिनं पट्टी पाहिली. मग फोन काढला. मग तो त्यांच्याकडे वळवला. वशिंड होतं. रोजच्यापेक्षा थोडं जाडच.

“पट्टी फाटलेली नाही गं!”

“बाबा, तुमच्याकडे गठ्ठा आहे पट्ट्यांचा. फाटली असेल, तुम्ही दुसरी लावली असेल.”

“मी खुर्चीत बसून होतो!”

“असं तुम्हाला वाटतंय.”

बोला आता! डोकं फिरेल नाही तर काय होईल! विसरणाऱ्या माणसाचं हेच वाईट. त्यानं दिलेला पुरावाही कुणी धरत नाही. आबांनी ती पट्टी काढून चुरगळली. रात्री झोपायच्या आधी ते आरशासमोर उभे राहिले आणि आतल्या माणसाला नाव विचारलं. त्यानं बरोबर सांगितलं. तेवढाच आधार.

त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी वेगळा डाव टाकला. घरातच राहायचं नाही. जेवण झाल्यावर दाराला कुलूप लावून ते खाली, अगदी तळाला, शिवणवालीकडे जाऊन बसले. तिचं घर आणि दुकान एकच. पुढच्या खोलीत दोन मशीनं, कापडाचे ढीग आणि वाफेची मोठी इस्त्री, जी सकाळपासून फुसफुसत असायची.

“आज इकडे कुठं वाट चुकलात?” तिनं तोंडातल्या टाचण्या काढत विचारलं.

“संध्याकाळपर्यंत बसू दे. मी इथून हललो नाही, हे तू सांगायचंस.”

“खून-बिन केलाय का?”

“अजून नाही.”

ती हसली आणि एक ढीग बाजूला सारून जागा करून दिली. सलूनमध्ये आयुष्य गेलेल्या माणसाला दुसऱ्याकडून बोलून घ्यायची कला येतेच. दोन तासांत शिवणवालीनं सगळं सांगितलं. गुडघे, गिऱ्हाईकं, आणि शेवटी वीज.

“माझा फोन म्हणतो, मी संध्याकाळी जास्त वीज खाते. अहो, संध्याकाळी मी मशीन झाकून, दिवा घालवून, पाय वर करून पडलेली असते! आणि दिवसभर ही इस्त्री जळतेय, तिचा पत्ताच नाही. मेला मीटर आहे की काय!”

आबा ‘हं’ म्हणाले. पण हे ‘हं’ साधं नव्हतं. कानात काहीतरी अडकल्यासारखं त्यांनी मान तिरकी केली. विचारणार होते काहीतरी, तेवढ्यात एक बाई ब्लाउज मागायला आली आणि राहून गेलं.

संध्याकाळी ते सूनबाईची वाट बघत जिन्यातच थांबले. साक्षीदार हाताशी होता, कुलूप दाराला होतं. आता बघू काय बोलते!

सूनबाईनं फोन पाहिला आणि ती जिन्यावरच खाली बसली.

“तुम्ही दुपारी घरात नव्हता?”

“नव्हतो! विचार शिवणवालीला.”

“म्हणजे शेगडी चालू ठेवून गेलात?”

जे सुटकेसाठी केलं तेच गळ्याशी आलं. सूनबाई धावत वर गेली, कुलूप उघडलं, शेगडीवर हात ठेवला. गार. भांडी कोरडी. पण आता ती ऐकायच्या पलीकडे गेली होती. मुलगा आल्या आल्या ती म्हणाली, “रविवारपर्यंत थांबायचं नाही. उद्या संध्याकाळच्या गाडीचं तिकीट काढते. उद्या आपण नसताना पडद्याला आग लागली तर? अख्खी इमारत जाईल! बाबा जातील!”

ती खरंच घाबरली होती. म्हणून तिच्यावर चिडताही येईना. मुलगा आत गेला आणि आबांची पिशवी भरायला लागला. सदरे घड्या घालून ठेवत होता, पण त्याचे हात गोदामातल्या खोक्यांना सरावलेले, घडी काही नीट पडत नव्हती.

आबा खाटेवर बसून बघत होते. शिवणवालीचं बोलणं कानात परत खडखडलं. दिवसभर इस्त्री जळते, तिचा पत्ताच नाही. जे आहे ते दिसत नाही. आणि आपलं? नाही ते दिसतंय. पण जे आहे, ते?

“सूनबाई, रविवार दाखव बरं.”

“काय?”

“गेला रविवार. फोनवर दाखव.”

“रविवारी काही नाहीये बाबा, म्हणून तर...”

“दाखव तर खरं!”

आबांचा आवाज क्वचित चढायचा. तिनं रविवार काढून दाखवला. रेघ सकाळपासून रात्रीपर्यंत सपाट, मधे कुठं डाग नाही.

“रविवारी आपण काय काय केलं?”

“काय केलं म्हणजे? नेहमीचंच.”

“मी सांगतो. तू आठवड्याच्या सगळ्या कपड्यांना इस्त्री केलीस. यानं सकाळपासून शेगडीवर मोठं पातेलं चढवलं होतं, खोलीभर वाफ झाली होती. दोनदा मशीन लावलं. तिघांनी आंघोळी केल्या.” आबांनी रेघेवर बोट ठेवलं. “मग हे सगळं कुठं गेलं?”

मागे फ्रिज गुरगुरत होता.

“सलूनमध्ये केस कापून झाले की मी मागं आरसा धरायचो,” आबा म्हणाले. “का? तर माणूस फक्त पुढून बघतो. तुम्ही सगळे वशिंडाकडे बघत बसलात. मीसुद्धा. सपाट भागाकडे कुणीच बघितलं नाही.”

मुलगा हातात अर्धा घडी घातलेला सदरा घेऊन उभा होता. सूनबाई फोनकडे बघत होती, तिकीट खोटं निघालं की ती जशी बघते ना, तशी. डोळे बारीक, ओठ घट्ट. तिनं शनिवार बघितला. पहाटेचा स्वयंपाक? नाही. त्याआधीचा शुक्रवार? नाही. ज्या सपाट संध्याकाळचा तिला इतका अभिमान, तीही तिनं बघितली. एक दिवासुद्धा त्यात दिसत नव्हता. एक दिवा तर लागत होताच की.

“उद्या मी अर्धी सुट्टी टाकते,” ती म्हणाली. “तूही टाक.”

“आणि तिकीट?” मुलानं विचारलं.

“ते काढलंय. असू दे.”

दुसऱ्या दिवशी चारच्या आधीच तिघं बसले, एखाद्या खोलीत बाळंतपण चालू असावं आणि बाहेर माणसं बसावीत तसे. फक्त घड्याळाकडे बघायचं. सूनबाई उठली, दाराजवळच्या पेटीपाशी गेली आणि स्वतःच्या हातानं मेन स्विच खाली ओढला. दिवा गेला. फ्रिज एकदा थरथरला आणि गप झाला. घर इतकं शांत झालं की खालच्या शिवणमशीनची टकटक वर ऐकू यायला लागली.

फोन टेबलावर. तिघांची डोकी त्यावर.

रेघ सरपटत होती. सरपटत होती. वर कुणाच्या तरी पायांचा आवाज आला, खुर्ची सरकली, नळ सुटला. आणि रेघ उठली.

“अरे!” मुलगा म्हणाला आणि हसायलाच लागला. “मेन बंद आहे! आपल्या घरात एक थेंब वीज नाहीये!”

“हसू नकोस,” सूनबाई म्हणाली. पण तिच्याही आवाजात काहीतरी बदललं होतं. भीती गेली होती आणि तिथं शोध घेणारी तपासनीस उभी राहिली होती. तिनं छताकडे पाहिलं. वर चौथ्या मजल्यावर नर्सबाई राहायच्या. कायम रात्रपाळी. सकाळी येऊन झोपायच्या, चारला उठायच्या, काहीतरी शिजवायच्या, आंघोळ करायच्या आणि संध्याकाळी परत दवाखान्यात. रविवारी सुट्टी, तेव्हा बहिणीकडे जायच्या.

सूनबाईचं बोट हळूच फोनवर गेलं. गीझर. विश्रांती. दाबलं.

वर नळ चालूच होता. एक क्षण गेला. दोन गेले. आबा कान देऊन बसले होते.

“आई गं!” वरून किंकाळी आली.

मग पावलं धडधडत जिना उतरली आणि दारावर थाप पडली. सूनबाईनं दार उघडलं. समोर नर्सबाई. अंगावर गाऊन, डोक्यावर टॉवेल, कानात साबणाचा फेस.

“तुमचाही गीझर गेला का? रोज संध्याकाळी ड्यूटीवर जाताना जातो, आज आत्ताच गेला मेला! मी कंपनीला तीनदा फोन केला, ते म्हणतात तुम्हीच विश्रांती दिली असेल. मी कशाला देऊ? मला काय गार पाण्याची हौस आहे?”

सूनबाईनं फोन पाठीमागे लपवला. मग लाज वाटून पुढं आणला. “मी दिली.”

“काय दिलं?”

“विश्रांती. रोज मीच देते. मला वाटायचं आमच्या गीझरला देते.”

नर्सबाईंनी आधी तिच्याकडे बघितलं, मग फोनकडे, मग अंधाऱ्या घराकडे. “आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!” त्या म्हणाल्या आणि कानातला फेस पुसत आतच आल्या. “दाखवा बघू!”

मग काय विचारता! जिन्यात जत्राच भरली. नर्सबाईंनी स्वतःचा फोन आणला. त्यात दिवसभर डोंगरामागून डोंगर, त्या झोपलेल्या असतात त्याच वेळी.

“मला वाटलं माझा फ्रिज बिघडलाय! नवा घेतला मी!”

आबा जिन्यातून खाली वाकून ओरडले, “शिवणवाली, इस्त्री बंद कर जरा!” खालची फुसफुस थांबली आणि नर्सबाईंच्या फोनवरचा डोंगर कोसळला. शिवणवाली टेप गळ्यात घालून वर आली. हिशेबनीसांची बायको दार उघडून आली. त्यांचा दारभर टीव्ही बंद केला तर शिवणवालीची रेघ खाली बसली. मग सूनबाईनं वर जाऊन आपला मेन स्विच चालू केला, आणि हिशेबनीसांच्या बायकोच्या फोनवर आबांच्या घरातला फ्रिज जागा झाला.

“म्हणजे... आमचं हिरवं पान?” ती बाई पुटपुटली.

“ते आमचं!” सूनबाई एवढ्या जोरात म्हणाली की जिना घुमला.

“आणि सकाळी ऑफिसला जाताना तुमचे साहेब गीझरला विश्रांती देतात का?” आबांनी विचारलं.

“रोज! न चुकता! त्यांना फार शिस्त आहे.”

“त्यांना सांगा, त्यांच्या शिस्तीनं मला रोज पडसं होतंय.”

झालं होतं काय, ते खाली मीटरच्या कपाटापाशी गेल्यावर कळलं. या इमारतीत तळातल्या घराला सगळे ‘पहिला’ म्हणतात. जुनी सवय, दारावरही तेच आकडे. मीटर बसवणाऱ्यानं मात्र तळ म्हणजे तळ धरला आणि पहिला त्याच्या वरून मोजायला घेतला. त्याच्या चिठ्ठ्या कपाटात अजून चिकटलेल्या होत्या. सगळे मीटर एकेक घर सरकले, आणि तळाचा उरला तो वरच्या नर्सबाईंच्या गळ्यात पडला.

“मला विचारलं होतं हो त्यानं, पहिला कुठला म्हणून,” शिवणवाली म्हणाली. “मी म्हटलं, हाच की! तो हसला आणि वर गेला. मला वाटलं, देखणा दिसतोय म्हणून हसला.”

कितीतरी महिने अख्खी इमारत वरच्या मजल्याचं आयुष्य आपलं समजून जगत होती. कुणी वरच्याचं पान मिरवत होतं, कुणी वरच्याच्या टीव्हीबद्दल स्वतःला शिव्या घालत होतं. सगळे एकमेकांना काहीतरी सांगत होते, दाखवत होते, हसत होते. सूनबाईनं कंपनीला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जावा म्हणून आवाज मोठा केला. पलीकडून एक गोड बाई म्हणाली, “आमच्या नोंदीनुसार तुमच्या घरात आत्ता शेगडी चालू आहे. घरात ज्येष्ठ व्यक्ती असल्यास कृपया लक्ष ठेवा.”

“माझी आमटी!” नर्सबाई किंचाळल्या आणि वर धावल्या.

सगळे हसले. सूनबाई मात्र हसली नाही. तिनं फोन बंद केला आणि मान वर करून आबांना शोधलं. ते तिथं नव्हते.

ते घरात होते. भिंतीशी टेकून बूट घालत होते. शेजारी पिशवी.

“बाबा, हे काय?”

“नाडी घट्ट बसलीय. जरा सोड.”

ती खाली बसली. नाडी सोडवता सोडवता म्हणाली, “मी तिकीट रद्द करते. आत्ता करते. चुकलं माझं.”

“रद्द कशाला?”

मुलगा दारात आला. “बाबा, रागावून जाऊ नका ना.”

“रागावलोय तर आहेच,” आबा म्हणाले. “तू इतके दिवस दारात उभा राहून नखं बघत होतास, तेव्हा एकदा तरी म्हणायचंस, की माझा बाप खोटं बोलत नाही. एकदा. मग काय ते तपासायचं असतं.” मुलानं मान खाली घातली. या वेळी नखांकडे मात्र बघितलं नाही. “पण त्यासाठी जात नाहीये. तुम्ही मला धाडत होतात तेव्हा जायचं नव्हतं. आता कुणी धाडत नाहीये, तर जाऊन येतो. स्वतःच्या पायांनी गेलेलं आणि उचलून नेऊन ठेवलेलं, यात फरक असतो रे.”

“मी येतो सोबत. ठरलंच होतं.”

“काही नको. गाडीचा नंबर माझ्या लक्षात आहे. विचार हवं तर.”

कुणी विचारलं नाही. सूनबाईनं नाडीला दुहेरी गाठ मारली आणि ती तशीच खाली बसून राहिली. “कधी याल?” तिचा आवाज आता तपासनीसाचा नव्हता.

“मीटरवाला आला की कळव. तो या घराचा मीटर या घराला लावतो की नाही, ते मला बघायचंय.” आबा उठले, पिशवी खांद्याला लावली. “तसा तिकडेही वेळ जाईल. लेकीच्या इमारतीतही नवे मीटर बसलेत. परवा फोनवर म्हणत होती, रात्री सगळे झोपल्यावर आमच्या घरात कोण वीज खातं कळत नाही, आणि जावयावर संशय घेत होती. त्या बिचाऱ्याला कोण आहे तिथं? आधी वरचा मजला बघतो, मग खालचा... सरक गं जरा दारातून, गाडी सुटेल. मला आता निघायला हवं.”